पडलेल्याला हलवू नका

खंडेनवमीला सकाळी साडेसात वाजता जिममधल्या वजनांची पूजा झाली आणि व्यवस्थापक श्रीरंग टिपरे नारळाच्या पाण्यावरून घसरून पाठीवर पडला. फरशी ओली दिसली की आधी पुसा, असं सगळ्यांना बजावणारा तोच. डंबेलवर आपटून नारळ फोडणाराही तोच.

“अरे, उचला मला!”

“नाही हं सर,” सकाळच्या बॅचमधल्या कुंदाताई म्हणाल्या. “पडलेल्याला हलवायचं नाही. मणक्याला लागलं असलं तर? तुम्हीच शिकवलंत.”

“मला काही झालेलं नाही हो!”

“पडलेला माणूस असंच म्हणतो, हेही तुम्हीच सांगितलंत.”

त्या वाक्यावर टाळ्या घेतल्याचं श्रीरंगला आठवलं. आपण इतकं चांगलं शिकवतो, याचा त्याला प्रथमच पश्चात्ताप झाला. सगळ्यांना खोटं पाडायला त्याने पायांची बोटं हलवून पाहिली. उजवी हलली. डावी हलली की नाही, ते त्याला कळेना.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “कोणाला हात लावू देऊ नका.”

कुंदाताई त्याच्या उशाशी बसल्या. रुग्णवाहिका निघाली आहे, पण झेंडूच्या बाजारापाशी अडकली आहे, एवढंच आतापर्यंत कळलं आहे.