भुऱ्याने पाणी प्यावं म्हणून

मावशीने पाण्याचं घमेलं दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि तोंड फिरवलं.

“प्यायला का?” मागून नवऱ्याने विचारलं.

“तुम्हीच बघा. माझ्याच्याने नाही बघवत.”

नवऱ्याने वाकून पाहिलं. भुऱ्या घमेल्यापाशी आला, मान खाली घातली आणि एकदम दचकून मागे सरला. मग भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

“नाही प्यायला,” तो म्हणाला.

फाटकाशी शेजारचा कोंबडीवाला उभा होता, खांद्याला बंदूक. एरवी भला माणूस. मावशीच्या कुत्र्यांना उरलंसुरलं त्याच्याकडूनच यायचं. पण आज त्याचंही धाबं दणाणलं होतं.

“वहिनी, कुत्रं पिसाळलंय. लाळ गाळतंय, पाण्याला भितंय. अजून काय हवं? माझ्या दोन्ही पोरी याच वाटेने शाळेला जातात.”

“गुरांचे डॉक्टर निघालेत, भाऊजी. तेवढं थांबा.”

“ऊन उतरेपर्यंत थांबतो. मग मला काही सांगू नका.”

सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, ते या टाकलेल्या जनावरांमुळे. कोणी आंधळी शेळी आणून सोडायचं, कोणी तीन पायांची मांजर. शिव्या घालत घालत ती सगळ्यांना ठेवून घ्यायची. “इतकी वर्षं झाली, पण एकाही कुत्र्याने मला दात लावलेला नाही,” हे ती येईल त्याला ऐकवायची, आणि ते खरंच होतं.

आज मात्र तिची गाळण उडाली होती. रात्रभर डोळा लागला नव्हता. छातीत धडधडत होतं, आणि कशाने धडधडतंय ते धड सांगताही येत नव्हतं. ओसरीवर येऊन बसली तर नवऱ्याने पंखा लावला.

“बंद करा तो आधी!”

“अगं, एवढ्या उकाड्यात?”

“बंद करा म्हणते ना! वारा लागला की कसंतरी होतंय.”

त्याने मुकाट्याने पंखा बंद केला. सकाळचा चहा तसाच पडून होता, वर साय धरलेली. बायकोचा जीव कुत्र्यात अडकला की तिला खाणंपिणं सुचत नाही, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

“वासरासारखं होणार याचं,” उजव्या हाताची बोटं खाजवत ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत जाणार.”

“गप बस. भलतंसलतं बोलू नकोस.”

ते वासरू गेल्याला दोन-अडीच महिने झाले होते. घास तोंडात धरायचं, गिळता यायचं नाही, हंबरून हंबरून आवाज बसला होता. डॉक्टर तेव्हा नेमके परगावी. घशात काहीतरी अडकलंय म्हणून मावशीने कोपरापर्यंत हात घालून चाचपडलं होतं. दाढांनी बोटं सोलवटली, पण वासरू काही वाचलं नाही. ते दुःख तिच्या मनातून जात नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तसा कोंबडीवाला फाटक उघडून आत आला. मावशी त्याच्या आडवी उभी राहिली.

“आधी मला घाला गोळी!”

“वहिनी, बाजूला व्हा. मला तरी हौस आहे का?” त्याचा आवाज रडवेला झाला होता.

तेवढ्यात डॉक्टरांची मोटारसायकल वाजली. मावशीला हुंदकाच फुटला.

डॉक्टरांनी कोपरापर्यंतचे जाड हातमोजे चढवले, काठीच्या फासाने भुऱ्याला धरलं आणि तोंड बांधलं. मग मानेवरचे चिकटलेले केस बाजूला केले. नाक दाबून धरावं असा वास आला.

“तार आहे ही. कोणीतरी डुकरासाठी फास लावलेला असणार. पार मांसात रुतलीय. मान वाकवली की गळा कापतोय याचा, पाणी पिणार कसा?”

“म्हणजे पिसाळलेलं नाही?” कोंबडीवाल्याने विचारलं.

“थोडे दिवस बांधून ठेवू, लक्ष ठेवू. पण मला तरी तसं वाटत नाही.”

मावशीची बडबड सुरू झाली. “मला वाटलं घशात अडकलंय. मी तोंडात हात घालणारच होते, वासराच्या घातला होता तसा. यांनीच अडवलं.”

“हं, हं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष पकडीकडे होतं. कट्कन तार तुटली.

तोंड सोडल्यावर भुऱ्या लडखडत घमेल्यापाशी गेला. मान घातली. आणि प्यायला लागला. लपलप लपलप, घमेल्याचा तळ दिसेपर्यंत.

“अरे लबाडा!” कोंबडीवाला ओरडला. त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि डोळे पुसले. नवरा हसत सुटला. आत जाऊन त्याने तांब्या आणि पेले आणले, सगळ्यांना पाणी दिलं. मावशीचा पेला काठोकाठ भरला.

“घे. आता तरी पी. सकाळपासून थेंब नाही पोटात.”

तहानेने तिची जीभ कोरडी पडली होती. तिने हसून पेला ओठांशी नेला.

पेला खणकन जमिनीवर पडला. मावशी गळा धरून मागे मागे सरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

हातमोजा काढता काढता डॉक्टर थांबले होते.

“मावशी,” ते हळूच म्हणाले, “त्या वासराच्या घशात काय सापडलं होतं?”

“काहीच नाही हो,” ती म्हणाली, आणि लाळ पुसायला पदर तोंडाशी नेला.