नऊ सेकंदांच्या आत

"हा डबा एकदाचा भंगारात दे," दादा वर्षभर म्हणत होता. माझा कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात माझी भांडी घासून व्हायची. पण बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि कोण काय बोललं ते टाइप करायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी नवा कशाला?

आज मी स्वतः स्क्रू काढले, जुन्या डिस्कच्या जोडीला नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवली आणि दादाला मुद्दाम बोलावून घेतलं. तो मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा राहिला.

नऊ सेकंद!

"चुकून झालं असेल," तो म्हणाला. मी बंद करून पुन्हा लावला. चार सेकंद. मग एक. माझा आनंद गगनात मावेना. "बोल आता! कोण भंगार?"

पुढच्या खेपेला माझं बोट बटणाला लागण्याआधीच स्क्रीन उजळली. दादाने टाळ्याच वाजवल्या. "मानलं बाई तुला!"

स्क्रीनवर एक फाइल आपोआप उघडली होती, अगदी माझ्या नेहमीच्या पद्धतीने टाइप केलेली.

दादा: मानलं बाई तुला!

"हे कधी लिहिलंस?" दादाने विचारलं.

खालची ओळ तीच होती. दादा: हे कधी लिहिलंस?

आम्ही दोघं हसत सुटलो. काय तो वेग! मी फाइल खाली सरकवली.

पुढे दादाची एकही ओळ नव्हती. पानभर माझंच एक वाक्य होतं, पुन्हा पुन्हा.

मी: दादा, डोळे उघड ना.

दादा अजून हसत होता.