तांबडे आधीच गेले

ओढ्यात आज एकही तांबडा खेकडा नव्हता. कोंडाबाईला बरंच वाटलं.

एरवी आल्याआल्या तिला एखादा तांबडा दगडावर ठेचून पाण्यात टाकावा लागे. हे तांबडे मूळचे कोगनोळीचे नव्हेतच. एकोणऐंशी साली तळ्यात माशांचं बियाणं सोडलं, त्याबरोबर कुठूनसे आले आणि ओढाभर झाले. पण महाभित्रे. बेडूक मरो, मासा मरो, कुणाचंही मढं पाण्यात पडलं की पसार. काळे मात्र इथलेच, पिढीजात. काळा ठेचला तरच ते हलायचे. बाकी कुणाच्या मरणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. म्हणून तांबडे पळवून लावायचे आणि मागे राहिलेले काळे निवांत वेचायचे, ही तिची रीत. रस्सा काळ्यांचाच चांगला. सून मनुबाई बाळंत होऊन महिना होत आला, तरी अंग धरत नव्हती. सगळी धडपड तिच्यासाठी.

काठाकाठानं खडी फोडणाऱ्यांचा तांडा चालला होता. हमरस्त्याच्या कामावर आलेली ही परमुलखातली माणसं काम अर्धं टाकून, गाढवांवर भांडीकुंडी लादून निघाली होती. त्यांचा म्होरक्या आण्णाप्पा थांबला.

"आक्का, हितलं पानी पिऊ नगासा. वर तंबाखूच्या रानात कुनीतरी फवारनीच्या औषदाचं डबं धुतल्यात. काल शामूचा बैल मेला."

"बैल शामूचा मेला. तुमचं काय गेलं?"

"आमचं जायाची वाट बघू व्हय?"

कोंडाबाईला हसू आलं. यांना काय, पाल ठोकलं तिथं गाव. सकाळी ओढ्यात तोंड घालून पडलेल्या त्या बैलाजवळून येताना तिनं नाकाला पदर लावला होता, एवढंच. तिनं पदर खोचला आणि पुन्हा दगड उलटायला लागली.

खेकड्यांची बुट्टी भरत आली. तेवढ्यात दोन दगडांमधून एक काळा खेकडा उताणा तरंगत आला. पाय ताठ. बघता बघता ओढा रिकामा झाला. होते नव्हते ते सगळे काळे बिळात गेले.

"म्या तर एक बी काळा ठेचला न्हाय," ती पुटपुटली.

मग तिला पहाटे इथूनच भरून नेलेली घागर आठवली. मनुबाईच्या उशाशी तिनं स्वतःच्या हातानं तांब्या भरून ठेवला होता.

बुट्टी तिथंच टाकून ती धावत सुटली. बांधापर्यंत येते तोच घराकडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. ती तशीच घराकडे पळाली. कुंपणापलीकडे वाटेवर दोघी शेजारणी बोलत उभ्या होत्या.

"कुनाच्या घरात रडत्यात गं?" रुक्माबाईनं विचारलं.

"कोंडाबाईच्या."

"मला वाटलं आपल्याच भावकीत," रुक्माबाईनं सुस्कारा सोडला, रिकामी घागर कमरेवर घेतली आणि ओढ्याची वाट धरली.