जोडसायकल

इकडे सायकलवाले कब्रस्तानाच्या नळावरच बाटल्या भरतात. रेमों बाटली भरत होता, तेवढ्यात थडग्यावरची फुलं बदलायला आलेली म्हातारी म्हणाली, "काय हो, सायकल दोघांची आणि तुम्ही एकटेच?"

"मागे बायको बसायची, ओदील. हिवाळ्यात वारली. जन्मभर नुसती हवा खाल्ली, पॅडल कधी मारलंच नाही!"

"मेल्यावर तरी सोडा हो तिला."

पुढे चढ लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्यावर रेमोंचा दम गेला, त्याने पाय ढिले सोडले.

सायकल थांबली नाही. एकाच साखळीने जोडलेली पुढची-मागची पॅडलं फिरत राहिली, त्यांच्या पट्ट्यांत अडकलेले त्याचे पाय घेऊन.

"ओदील, पुरे."

वेग वाढला. माथा आला. पलीकडे उतार, खाली दरीवरचं वळण. त्याने दोन्ही ब्रेक आवळले.

"चुकलो गं! तूच मारायचीस पॅडल!"

पॅडलं आणखी जोरात फिरली.