लखीचंदशेठचा शेरा

पाच वर्षं लखीचंदशेठ मुलाच्या मागे लागले होते, धुळ्याच्या आपल्या किराणा दुकानात बस म्हणून. रोनक कधी गल्ल्यापर्यंतही फिरकला नाही. "मला कंपनीतच जायचंय, पप्पा," म्हणत तो एका साबण कंपनीत ट्रेनी झाला. तिथे नियम निघाला, की प्रत्येक ट्रेनीने तीन महिने एखाद्या दुकानात राबून गिऱ्हाईक शिकायचं. आणि मुंबईच्या साहेबांनी यादीत बोट ठेवलं ते नेमकं शेठजींच्याच दुकानावर.

मग काय! गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून रोनक सकाळी आठच्या ठोक्याला हजर. गोणी उचल, फळ्या पूस, 'या अक्का, बसा अक्का' म्हणत गिऱ्हाइकाला खुर्ची दे. सगळं बिनतक्रार, कारण मार्क शेठजींच्या हातात. वर पगार कंपनीचा.

शेवटच्या दिवशी कंपनीचा फॉर्म आला. 'चांगल्या बाजू' या रकान्यात शेठजींनी भरभरून लिहिलं. 'उणिवा'खाली लिहिलं, 'घरी सांगितलेली कोथिंबीर आणत नाही.' शेवटचा प्रश्न होता, हा ट्रेनी कायम नोकरीसाठी तयार आहे का?

"पप्पा, तिथे फक्त 'हो' लिहा," रोनक हात जोडून म्हणाला. "पुण्याला पोस्टिंग मिळेल."

शेठजींनी चकचकीत फळ्यांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि लिहिलं, 'मुलगा हुशार आहे, पण अजून कच्चा आहे. दोन वर्षं तरी इथंच शिकू द्या. जमल्यास असाच आणखी एक पाठवा.'