डोंग्याला रंग

परदेशी कामाला गेलेल्या लेकीचा, दिव्यानीचा, व्हिडिओ कॉल आला तेव्हा घरात सून ललितानं हंबरडा फोडला होता. मंगली फोन घेऊन घाटालगतच्या अंगणात पळाली. मागून नवऱ्यानं, दसरूनं, दटावलं, "पोरीले काई सांगू नको. एकटी हाय ती पाण्यापार. नागपूरले उतरू दे, मंग सांगू."

परवा वैनगंगेच्या डोहात अडकलेलं जाळं सोडवायला उतरलेला दिनेश, दिव्यानीचा थोरला भाऊ, जिवंत वर आला नव्हता.

मंगलीनं डोळे पुसले, पदर सारखा केला, तोंडावर हसू आणलं. मेलं ते हसू, ओठांवर बसेना.

"आई, पाह्य! ग्रीसमंधला गाव. कामातून सुट्टी भेटली तं पाह्याले आली. लय जुना हाय, अन् आपल्यासारखाच ढिवरांचा!" दिव्यानीनं फोन फिरवला. दगडी बुरूज, निळं पाणी, दोरीवर धुण्यासारखे वाळत घातलेले आठ पायांचे मासे. एक म्हातारा पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून सांधत होता, थेट दसरूसारखा. "दादाले बलाव ना. कुठी हाय?"

"पाण्यावर गेला," मंगली म्हणाली.

फोन पुढं सरकला. किनाऱ्यावर ओळीनं लहान होड्या, डोंगेच, सगळेच्या सगळे पालथे. "अगे माय! इतके गेले?"

दिव्यानी खदखदून हसली. "तसं नाई वं आई! माणूस गेला का त्याचा डोंगा पालथा, हे आपल्या घाटावर. इथी थंडीत रंग द्याले पालथे करते. उन्हाळ्यात पुन्हा सरळ."

"सरळ करते?"

"हो तं!"

मंगलीला त्या गावाचा हेवा वाटला. असा हेवा तिनं जन्मात कुणाचा केला नव्हता.

घरातून ललिताचा आवाज पुन्हा उठला. मंगली दचकली, हातातला फोन कलला. पलीकडचं हसू थांबलं.

"आई, दादा पाण्यावर गेला ना? मंग त्याचा डोंगा तुह्या मांगं पालथा काऊन हाय?"

मंगलीनं वळून पाहिलं नाही.

"रंग देऊन राह्यलो, माय."

पलीकडं कुठंतरी घंटा वाजत होती, कुणी माशांचा भाव ओरडत होतं. मग दिव्यानीचा आवाज आला, लहानपणी होता तसा बारीक.

"कोणता रंग, आई?"