दिवेवाली

"वाजवणाऱ्यांना मदत आहे, बाई. दिवा धरणं ही काय कला झाली?" कचेरीतल्या साहेबांनी कांचनचा अर्ज परत सरकवला.

कोरोनानं वराती बंद पाडल्या, तेव्हा सरकारनं बँडमालकांना आणि कलावंतांना मदत जाहीर केली होती. बँडच्या मालकानं वरातीत डोक्यावर दिवा धरणाऱ्या कांचनचाही अर्ज भरला होता.

"साहेब, तुम्ही पाच मिनिटं धरून दाखवा!" सोबत आलेला मालक तडकला.

"थांबा मालक, मीच दाखवते." मास्क सारखा करून तिनं सोबत आणलेला वरातीचा जडशीळ दिवा डोक्यावर चढवला आणि दोन्ही हात सोडले. तशीच खाली बसली, पायाशी रांगणाऱ्या लेकीला कडेवर घेतलं, पदरानं तिचं नाक पुसलं आणि सावकाश उठली. दिवा तसूभरही हलला नाही.

तिनं अर्ज पुन्हा साहेबांपुढं ठेवला.

"सही करा," ती म्हणाली. "तोवर मी अशीच उभी आहे."